घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचे बेताच्या खर्चात डिजिटलीकरण

कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायच्या असे ठरवले की बहुतेकांचे लक्ष प्रथम संगणकाला जोडायच्या कॅप्चर यंत्राकडे जाते. खरी अडचण मात्र त्याच्या अलीकडे, कॅसेट चालवणाऱ्या यंत्रापाशी असते. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धत बाजारात आणली आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आज हाती येणारा जवळपास प्रत्येक व्हीसीआर जुना आणि वापरलेला असतो, त्यातील रबरी भाग कडक होत चाललेले असतात आणि त्याची दुरुस्ती जाणणारी माणसेही कमी होत चालली आहेत. म्हणून पैसे मोजकेच असतील तर त्यांचा मोठा वाटा चांगल्या व्हीसीआरसाठी राखून ठेवावा. उरलेली बहुतेक साधने उसनी, जुनी किंवा विनामूल्य मिळू शकतात.

कॅसेटींची निवड

खर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे काम कमी करणे. एक तासाची फीत उतरवायला एक तासच लागतो, त्यात घाई करता येत नाही. त्यामुळे चाळीस कॅसेटींचे काम हाती घेण्यापूर्वी त्यांचे तीन ढीग करावेत. ज्यांत घरच्या माणसांचे चित्रण आहे आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही, त्या पहिल्या ढिगात जातील. लग्नासारख्या प्रसंगांच्या ज्या कॅसेटींच्या प्रती नातेवाइकांकडेही आहेत, त्या दुसऱ्या ढिगात ठेवाव्यात आणि त्यांपैकी मूळ कॅसेट कोणाकडे आहे याची चौकशी करावी, कारण व्हीएचएसवरून व्हीएचएसवर काढलेली प्रत मूळ कॅसेटीपेक्षा नेहमीच पुसट असते. दूरदर्शन संचावरून रेकॉर्ड केलेले चित्रपट आणि मालिका तिसऱ्या ढिगात टाकून शक्यतो विसरून जावे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: अशाच कॅसेटीच्या शेवटी उरलेल्या फितीवर कोणीतरी घरातले दहा मिनिटांचे चित्रण करून ठेवलेले असते आणि वरच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नसतो. त्यामुळे टाकून देण्यापूर्वी फीत पुढे पळवून एकदा नजरेखालून घालावी.

याच वेळी कॅसेटींचे प्रकारही वेगळे करावेत. व्हीएचएसची फीत १२.७ मिलिमीटर रुंद असते. व्हीएचएस-सी या छोट्या कॅसेटीतही तीच फीत असते, म्हणून ती एका खोक्यासारख्या अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरमध्ये चालवता येते. या अडॅप्टरपैकी काहींना बॅटरी लागते आणि ती घालायची राहिल्यामुळे अडॅप्टर बिघडला असे समजणारे पुष्कळ असतात. व्हिडिओ-८, हाय-८ आणि डिजिटल-८ या कॅसेटींतील फीत ८ मिलिमीटरची असते आणि ती व्हीसीआरमध्ये चालवणारा अडॅप्टर अस्तित्वातच नाही. तो शोधण्यात वेळ घालवू नये. या कॅसेटींसाठी त्याच जातीचा कॅमकॉर्डर मिळवावा लागतो. मिनीडीव्हीची फीत ६.३५ मिलिमीटरची आणि पूर्णपणे डिजिटल असते. तिची रीत वेगळी असल्यामुळे तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

व्हीसीआर कसा मिळवावा आणि कसा पारखावा

पहिली विचारणा ओळखीच्या लोकांकडे करावी. अनेक घरांत चालू स्थितीतला व्हीसीआर केवळ टाकवत नाही म्हणून ठेवलेला असतो आणि महिनाभरासाठी तो देण्यास कोणाची सहसा हरकत नसते. जुना विकत घ्यायचा असेल तर चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नये. पारखताना स्वतःची एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट सोबत न्यावी आणि ती चालवणे, मागे गुंडाळणे, पुढे पळवणे व बाहेर काढणे या चारही क्रिया पाहाव्यात. बाहेर आलेल्या कॅसेटीची झडप उघडून फितीच्या कडा तपासाव्यात. कड चुरगळलेली किंवा दुमडलेली दिसली तर त्या यंत्रात आपली मौल्यवान कॅसेट कधीही घालू नये. स्टिरिओ हाय-फाय आवाज देणारा आणि उत्तरकाळात बनलेला व्हीसीआर मिळाला तर उत्तम. एस-व्हीएचएस या सुधारित जातीचा मिळाला तर आणखी चांगले, कारण त्याला एस-व्हिडिओची, म्हणजे चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी जोडणी असते आणि त्यातील काहींमध्ये चित्र स्थिर करणारी अंगभूत सोयही असते.

देशोदेशींच्या प्रसारणपद्धतींचा फरक येथे आडवा येऊ शकतो. भारतात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रे आणि एनटीएससी पद्धतीत जवळपास ३० चित्रे असतात. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट कृष्णधवल दिसत असेल, गडगडत असेल किंवा अजिबात लागत नसेल तर ती खराब झाली असे मानण्यापूर्वी ती दुसऱ्या पद्धतीची तर नाही ना, हे पाहावे. दोन्ही पद्धती चालवणारे व्हीसीआर असतात.

फीत चालवण्यापूर्वी

कॅसेटीच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात नीट पाहावे. पांढरी भुकटी, ठिपके किंवा जाळीसारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते. अशी कॅसेट यंत्रात घातल्यास बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर बसते, चित्र जाते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या फितीवरही ती पसरते. बुरशी आलेल्या कॅसेटी पिशवीत बंद करून बाजूला ठेवाव्यात आणि त्यांतील खरोखर महत्त्वाच्या तेवढ्या जाणकाराकडून साफ करून घ्याव्यात. पैसे खर्च करण्याची ही योग्य जागा आहे. घरी प्रयत्न करायचाच असेल तर मुखपट्टी लावावी आणि त्या कामासाठी वेगळा, वाया गेला तरी चालेल असा व्हीसीआर वापरावा.

व्हीएचएस कॅसेटीच्या मागच्या कडेवरील प्लास्टिकची छोटी टिकली मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचे बटण दाबले गेले तरी जुने चित्रण पुसले जाणार नाही. ८ मिलिमीटर आणि मिनीडीव्ही कॅसेटींवर यासाठी सरकती खिटी असते. कॅसेट थंड जागेतून आणली असेल तर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास तशीच ठेवावी, कारण फितीवर दमट थर बसला की ती हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला चिकटते. त्यानंतर ती एकदा शेवटपर्यंत पळवून पुन्हा पूर्ण मागे गुंडाळावी; वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेली गुंडाळी त्यामुळे मोकळी आणि सारखी होते.

फीत तुटली असेल तर तिला साधी चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा चिकटा पाझरून हेडला लागतो. फीत जोडण्यासाठी वेगळी पट्टी मिळते. दोन्ही टोके स्वच्छ कापून, एकमेकांवर न चढवता, समोरासमोर आणून पाठीच्या बाजूने ती लावावी. जोडाच्या जागी सेकंदभराचे चित्र जाते, बाकी सर्व वाचते. कवच फुटलेल्या व्हीएचएस कॅसेटीचे पाच स्क्रू काढून तिची रिळे दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात, मात्र उघडण्याआधी आतील मांडणीचे छायाचित्र काढून ठेवावे.

पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या आणि दुसऱ्या कॅसेटीतही त्या तशाच दिसल्या तर दोष फितीचा नसून हेड मळलेले असतात. व्हीसीआर उघडण्यापूर्वी त्याची पिन भिंतीतून काढून बराच वेळ जाऊ द्यावा आणि आतील वीजपुरवठ्याच्या भागाला अजिबात हात लावू नये, कारण तेथील कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही वीज साठून राहिलेली असू शकते. साध्या कागदाचा किंवा तंतू न सुटणाऱ्या कापडाचा तुकडा ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून तो चकचकीत ड्रमच्या कडेला अलगद टेकवावा आणि तुकडा स्थिर धरून दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवावा. तुकडा वर-खाली घासू नये. ड्रमवरील हेड अतिशय नाजूक असतात, आणि कानात घालण्याची कापसाची काडी तेथे वापरली तर तिचे तंतू हेडच्या टोकाला अडकून ते मोडू शकते. बाकीच्या दांड्या आणि रबरी चाक पुसायला ती काडी चालते. अर्धा तास सुकू द्यावे आणि पहिल्यांदा बिनमहत्त्वाचीच कॅसेट लावावी.

संगणकात चित्र घेणे

व्हीसीआरच्या मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांच्या जागा असतात: पिवळीतून चित्र, इतर दोन्हींतून आवाज. यूएसबीला जोडायचे कॅप्चर यंत्र या तिन्ही पिना घेते. या यंत्रांच्या नकला फार आहेत. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांच्या आत वेगवेगळ्या चिप निघतात आणि काहींचे ड्रायव्हर नव्या संगणकावर चालतच नाहीत, म्हणून अगदी स्वस्तातले यंत्र घेण्याचा मोह येथे टाळावा. विकत घेण्यापूर्वी आपल्या संगणकाच्या कार्यप्रणालीचे नाव त्याच्या माहितीत स्पष्टपणे दिलेले आहे ना, हे पाहावे. तिन्ही पिना घेऊन एचडीएमआय देणारा छोटा डबा आणि त्यापुढे एचडीएमआय कॅप्चर यंत्र अशी जोडणीही पुष्कळ लोक करतात. ती सोपी असली तरी तो डबा चित्र स्वतःच ताणतो आणि त्यातील रेषा आपल्या पद्धतीने मिसळून टाकतो, ते नंतर पूर्ववत करता येत नाही. दुसरा काहीच पर्याय नसेल तरच ती वापरावी.

एस-व्हिडिओची सोय व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्र या दोन्हींत असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ती जोडावी. साध्या व्हीएचएसला तिचा फायदा थोडा होतो, हाय-८ आणि एस-व्हीएचएसला चांगलाच होतो.

जुन्या फितीतील उभ्या रेषा, उदाहरणार्थ दाराची चौकट, पडद्यावर सापासारख्या वळवळताना दिसतात. फीत ताणली गेल्यामुळे चित्राची प्रत्येक आडवी ओळ किंचित मागेपुढे सुरू होते, हे त्याचे कारण. यावरचे व्यावसायिक उपकरण, म्हणजे टाइम बेस करेक्टर, महाग असते. परंतु जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरपैकी काही, विशेषतः पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५, केवळ मध्ये जोडले आणि त्यांच्यातून चित्र पुढे जाऊ दिले तरी हे काम बऱ्याच अंशी करतात. त्यासाठी डीव्हीडीवर रेकॉर्ड करण्याची गरज नसते, त्यामुळे डीव्हीडीचा भाग बिघडलेले यंत्रही चालून जाते. माझ्या अनुभवात चित्रातील सर्वांत मोठी सुधारणा अशा एका टाकून दिलेल्या रेकॉर्डरने झाली.

सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. विंडोजवर व्हर्च्युअलडब हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामासाठी सर्वांत भरवशाचे आहे. पाल फितीसाठी ७२० बाय ५७६, एनटीएससीसाठी ७२० बाय ४८० असा आकार आणि आवाजासाठी ४८ किलोहर्ट्झ असे ठरवावे, आणि चित्र हफवाययूव्ही किंवा लॅगारिथ अशा, काहीही न गाळणाऱ्या कोडेकमध्ये (चित्र साठवण्याच्या पद्धतीत) साठवावे. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, हे आधीच जमेस धरावे. जागा नसेल तर एक कॅसेट उतरवावी, तिची लहान प्रत तपासून घ्यावी आणि मगच मोठी फाइल पुसून पुढची कॅसेट लावावी. ओबीएस स्टुडिओही विनामूल्य आहे आणि वापरायला सोपे आहे, पण त्यात पाल फितीसाठी दर सेकंदाला ५० चित्रे आणि ७६८ बाय ५७६ असा आकार ठरवून डीइंटरलेसिंगमध्ये (अर्ध्या चित्रांपासून पूर्ण चित्रे करण्याच्या सोयीत) याडिफचा दुप्पट पर्याय निवडावा लागतो. तसे न केल्यास हालचाल तुटक दिसते.

दुप्पट पर्याय निवडण्याचे कारण असे की, फितीवरील प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांनी बनलेले असते: आधी एकाआड एक ओळी, नंतर मधल्या ओळी. पाल पद्धतीत अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० येतात. ती नुसतीच एकत्र केली तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात आणि निम्मी टाकून दिली तर धावणारे मूल झटके देत धावते. प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र केले की हालचाल जुन्या दूरदर्शन संचावर दिसायची तशी सलग दिसते.

प्रत्यक्ष उतरवण्यापूर्वी पाच मिनिटांची चाचणी घ्यावी आणि ती कानाला हेडफोन लावून ऐकावी. चित्र सरकत असेल तर व्हीसीआरवरील ट्रॅकिंग (हेड आणि फीत यांचा मेळ बसवणारी सोय) हळूहळू बदलून पाहावे. भर उन्हात चित्रित केलेला भाग काढून पांढऱ्या कपड्यांच्या चुण्या दिसतात का, हे तपासावे. कपडा नुसता पांढरा डाग दिसत असेल तर कॅप्चर सेटिंगमध्ये उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट थोडा कमी करावा, कारण जळलेला भाग नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. याउलट चित्र थोडे फिके आले तर चिंता नाही, ते मागाहून सुधारता येते. चित्राच्या तळाशी काही ओळी फाटल्यासारख्या हलतात, तो दोष नव्हे. ड्रमवरील एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे वाचन जाते त्या वेळची ती खूण असते आणि जुन्या संचाच्या चौकटीआड ती झाकली जात असे.

संगणकाची झोप आणि पडदा बंद होण्याची सोय बंद करून ठेवावी. ती विसरल्यामुळे मी पहिल्याच दिवशी तीन तासांच्या कॅसेटीची वीस मिनिटे मिळवली आणि उरलेला वेळ काळ्या पडद्यासमोर पुस्तक वाचत काढला. कॅप्चर यंत्र हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या पोर्टला लावावे, फाइल संगणकाच्या आतल्या डिस्कवर घ्यावी आणि काम चालू असताना इतर काही चालवू नये. व्हर्च्युअलडबमध्ये गळालेल्या चित्रांची संख्या दिसत राहते. कोऱ्या फितीच्या जागी ती वाढणे स्वाभाविक असते, पण चांगल्या चित्रात ती सतत वाढत असेल तर आवाज आणि ओठ यांचा मेळ तुटणार हे निश्चित समजावे आणि थांबून कारण शोधावे.

मिनीडीव्ही आणि डिजिटल-८

या फितींवर चित्र मुळातच आकड्यांच्या रूपात असते, त्यामुळे त्या पिवळ्या पिनेतून उतरवणे म्हणजे चांगली प्रत हातात असताना तिचे छायाचित्र काढण्यासारखे होय. कॅमकॉर्डरच्या फायरवायर जोडणीतून, जिला आय-लिंक किंवा डीव्ही असेही म्हटलेले असते, फितीवरील माहिती जशीच्या तशी संगणकात येते. तासाला सुमारे १३ जीबी. बहुतेक कॅमकॉर्डरची यूएसबी जोडणी छायाचित्रांसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असते, तिच्यावर विसंबू नये. आजच्या संगणकांत फायरवायर नसते, म्हणून ते असलेला एखादा जुना संगणक किंवा डेस्कटॉपमध्ये बसणारे स्वस्त कार्ड मिळवावे. विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही विनामूल्य साधने पुरेशी आहेत. सोनीच्या डिजिटल-८ कॅमकॉर्डरपैकी अनेक मॉडेल जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ कॅसेटीही चालवतात आणि फायरवायरमधून डिजिटल रूपात देतात. अशा कॅसेटींचा ढीग असेल तर असा एक कॅमकॉर्डर मिळवणे सर्वांत किफायतशीर ठरते.

उतरवून झाल्यावर

पाहण्यासाठी आणि वाटण्यासाठी हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरने एच.२६४ प्रकारची एमपीफोर प्रत करावी. गुणवत्तेचा आकडा १८ ते २० च्या दरम्यान ठेवावा, डीइंटरलेसिंगमध्ये बॉब हा पर्याय निवडावा आणि चित्राचे प्रमाण चारास तीन असेच राहू द्यावे. रुंद पडदा भरावा म्हणून ते ताणले तर घरातली सगळी माणसे अकारण जाड होतात. मूळ मोठी फाइल ठेवायची असेल तर ती एफएफएमपेगच्या साहाय्याने एफएफव्ही१ या कोडेकमध्ये बदलावी. काहीही न गमावता ती आणखी आटोपशीर होते. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे करणाऱ्या सेवांवर तूर्त पैसे घालवू नयेत. त्या चेहऱ्यांत नसलेले तपशील भरतात, आणि आजीचा चेहरा आजीचाच राहणे अधिक महत्त्वाचे आहे.

फाइलीच्या नावात वर्ष प्रथम लिहावे, मग महिना, मग प्रसंग, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात. कॅसेटीवरील चिठ्ठीचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. फीत उतरत असताना घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून कोणत्या मिनिटाला कोण दिसते हे लिहून घ्यावे. मोकळा तास असतोच, आणि ही माहिती फितीवर कोठेही नसते. फाइलींच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या कोणाच्या घरी असावी. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर एकमेव प्रत ठेवू नये.

सर्व फाइली सुरुवातीपासून शेवटपर्यंत, निदान ठिकठिकाणी उघडून, पाहून झाल्याशिवाय व्हीसीआर परत करू नये किंवा विकू नये. मूळ कॅसेटी टाकून देऊ नयेत. त्या पूर्ण मागे गुंडाळून, आपापल्या खोक्यात, पुस्तकांसारख्या उभ्या, कोरड्या आणि थंड जागी ठेवाव्यात आणि ज्यांचे काम झाले त्यांच्यावर तशी खूण करावी, म्हणजे तीच कॅसेट दोनदा उतरवण्यात तास जाणार नाही.